धूर, फुप्फुसें आणि मज्जातंतु

विडीसिगारेटच्या धुरानें फुप्फुसें बिघडतात, हें तुम्हीं अनेकदां ऐकलें असेल. परंतु छातींत गेलेला धूर मेंदूच्या रोगासही साहाय्यक होतो, हें ऐकून तुम्हांस नवल वाटेल.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगाचें सुस्पष्ट वर्णन पॅरिस येथील डॉ. शार्को यांनीं इ. स. १८६८ मध्यें केलें. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टन, तसें मज्जातंतूंवर मायलिन नामक स्निग्ध वेष्टन असतें. या रोगांत शरीराच्या रक्षक पेशी स्वकीयांस शत्रु समजून त्या वेष्टनावरच हल्ला करितात. मग दृष्टि मंद होते, हातपाय बधिर होतात, चाल अडखळते.

धूम्रपान करणारांस हा रोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारें दीडपट असतो. हा दोष तंबाखूचा कीं धुराचा? याचें उत्तर स्वीडन देशांत मिळालें. तेथें पुष्कळ लोक तंबाखूची ओलसर पूड ओठाखालीं ठेवितात. निकोटीन त्यांच्याही रक्तांत जातें, तथापि इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्यांच्यामध्यें हा रोग वाढलेला आढळला नाहीं. अर्थात् तंबाखू चघळणें निर्दोष ठरत नाहीं. त्यानें मुखाचा कर्करोग होतो. परंतु या रोगापुरता अपराधी धूर होय.

धुरानें फुप्फुसांत सतत दाह राहतो आणि तेथील रक्षक पेशी चेततात. इ. स. २०१२ मध्यें जर्मन संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग केले. त्यांत असें दिसलें कीं, मायलिनविरोधी पेशी फुप्फुसांत कांहीं काळ राहून मगच मेंदूंत शिरण्यास समर्थ होतात.

यांत आनुवंशिकतेचाही भाग आहे. ज्यांना आईबापांकडून विशिष्ट प्रतिकूल गुण मिळाले, त्यांना हा धोका सुमारें ५ पट असतो. तेच धूम्रपान करूं लागल्यास तो १३ पटींहून अधिक होतो, असें इ. स. २०११ मध्यें स्वीडनमध्येंच आढळलें. मात्र कधींही विडी न ओढलेल्या मनुष्यासही हा रोग होतो; म्हणून रोग्यास दोष देऊं नये.

रोग जडल्यावर धूम्रपान सोडून काय लाभ, असें कोणी विचारील. लाभ आहे. इ. स. २०१५ च्या स्वीडिश अभ्यासांत, निदानानंतर धूम्रपान चालू ठेवणारांपेक्षां तें सोडणारांस रोगाची उत्तरोत्तर वाढणारी अवस्था कांहीं वर्षें उशिरां आली.

आईबापांकडून आलेले गुण बदलणें आपल्या हातीं नाहीं; पुढें केलेली पहिली विडी नाकारणें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.