दुप्पट, पण कशाच्या?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सीएनसी ऑपरेटर म्हणून लागलो, तो ठेकेदाराच्या हजेरीवर. कामावर घेतानाच सांगितलं होतं, ‘ओटी डबल मिळेल.’ ऑर्डरचा जोर वाढला की आठ तासांची शिफ्ट बारा तासांची व्हायची आणि आम्ही थांबायचो. खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि गावी पाठवायची रक्कम या सगळ्याचा मेळ त्या जास्तीच्या तासांवरच बसायचा. पगाराच्या स्लिपवर ओटीच्या रकान्यात मात्र फक्त एक रक्कम असायची. तास किती धरले, दर काय लावला, याचा उल्लेख नसायचा.

आमच्यात एक जुने कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका संपात नोकरी जाऊन ते पुन्हा ठेकेदारीत आले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी स्लिप मागून घेतली आणि विचारलं, “डबल खरं रे, पण कशाच्या डबल?”

तो हिशेब इथं मांडतो. सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. मूळ वेतन 7,800 आणि महागाई भत्ता 5,200, मिळून 13,000 रुपये. साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला 500 आणि तासाला 62.50 रुपये होतात. दुप्पट दर 125 रुपये. ठेकेदारानं महागाई भत्ता सोडून फक्त मूळ वेतन घेतलं होतं आणि त्याला 30 नं भागलं होतं. दिवसाला 260, तासाला 32.50, त्याची दुप्पट 65. म्हणजे ‘डबल’ म्हणून हातात पडत होतं, ते आमच्या साध्या तासाच्या दरापेक्षा अडीच रुपयांनीच जास्त होतं.

तासांचीही तीच गत. सोमवारी चार तास जास्त केले आणि पुढच्या आठवड्यात ताप आला म्हणून एक दिवस घरी राहिलो, तर महिनाअखेरीस गैरहजेरीचे तास ओटीतून वळते व्हायचे. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये अशी वजावट बसत नव्हती. दिवसात 9 तासांच्या किंवा आठवड्यात 48 तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर, असं त्याचं कलम 59 सांगत होतं. हिशेब दिवसाचा किंवा आठवड्याचा, महिन्याचा नव्हे. शिवाय दर काढताना मूळ वेतनात भत्तेही धरायचे होते. बोनस आणि ओटीचे पैसे तेवढे वगळायचे.

आम्ही काही जणांनी मिळून लेखी अर्ज दिला. उत्तर आलं, ‘धंदा मंद आहे, सिंगल ओटी चालेल असं लिहून द्या.’ मामांनी सही करू दिली नाही. कोविडच्या काळात गुजरात सरकारनं अधिसूचना काढून बारा तासांचं काम आणि जास्तीच्या तासांना साधाच दर अशी मुभा कारखान्यांना दिली होती. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि त्या काळातला ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे द्यायला सांगितलं. सरकारला जी सूट देता आली नाही, ती ठेकेदार कुठून घेणार? मूळ कंपनीलाही अर्जाची प्रत गेली, तेव्हा हिशेब पुन्हा झाला. ज्यांच्याकडे तासांची नोंद होती त्यांना फरक मिळाला. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्या वाट्याला ठेकेदाराच्या रजिस्टरमधले तास आले.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. दुप्पट दर त्यांतही आहे. दिवसाच्या आणि आठवड्याच्या हिशेबांपैकी कामगाराच्या फायद्याचा असेल तो धरायचा आणि जास्तीच्या कामाला कामगाराची संमती घ्यायची, असं कायदाच सांगतो. घरभाडं, प्रवास यांसारखे काही भत्ते आता ‘वेतना’त येत नाहीत, पण असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. महागाई भत्ता वेतनातच आहे. किती तासांनंतर ओटी सुरू होते, हे राज्याच्या नियमांवर ठरतं. ते जवळच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

आता नव्या मुलांनी काय करावं ते सांगतो. रोज आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. जेवणाची सुट्टी वेगळी दाखवा. रिलीव्हर आला नाही म्हणून मशीनवर थांबलात, तर तोही वेळ लिहा. ओटीला थांबायला सांगणारा सुपरवायझरचा मेसेज पुसू नका. पगाराची स्लिप मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. मग स्वतः हिशेब करा: कोणती रक्कम धरली, कितीनं भागली, तास किती लावले.

फरक दिसला तर तोंडी बोलून थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठेकेदारानं पैसे दिले नाहीत, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून प्रत तिलाही द्या. तिथं दाद लागली नाही, तर कामगार आयुक्त कार्यालय आहे. वेतन संहितेनुसार दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. हक्काची रक्कम सोडल्याचा कागद तुमच्याकडून कोणी लिहून घेतला, तरी कायद्यापुढं तो रद्दबातल आहे.

आणि अर्ज एकट्यानं देऊ नका. एकट्याची हजेरी दुसऱ्या दिवशी बंद करणं ठेकेदाराला सोपं असतं. सगळी शिफ्ट सही करते, तेव्हा त्याला हिशेबाला बसावं लागतं. म्हणून आधी शेजारच्या मशीनवरच्या माणसाची स्लिप तुमच्या स्लिपशेजारी ठेवून बघा.