आधी नेक, मग बॉडी

गिटारच्या सहाही तारा ट्यूनरवर बरोबर लागल्या होत्या. मोकळी तार छेडली की सूर स्वच्छ यायचा. पण बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की तोच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा, तिथे तो ४० सेंटहून जास्त उतरलेला येत होता. एका फ्रेटचं अंतर १०० सेंटचं असतं. म्हणजे माझी नवी गिटार जवळजवळ अर्धा फ्रेट बेसूर होती. हौसेने बनवून घेतलेलं वाद्य, आणि त्यावर दोन सूरही एकमेकांशी जुळेनात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी मिरजेचा. वीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. स्वतःची, आपल्या मापाची गिटार असावी हे जुनं स्वप्न. सतारीच्या कामातून उरलेला तूनच्या लाकडाचा एक जाड फळा मिळाला. हलका, तांबूस, वर्षानुवर्षं सुकलेला. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचा नकाशा मिळवला आणि फर्निचरच्या एका कारखान्यातल्या सीएनसी मशिनवर बॉडी कापून घेतली. नेक, म्हणजे दांडी, बसवायची खाच, पिकअपचे खड्डे, ब्रिजच्या स्क्रूंची भोकं, तारा मागून ओवायची सहा आरपार भोकं, सगळं एका बैठकीत झालं. नकाशावर स्केल, म्हणजे नेकच्या वरच्या टोकापासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, लिहिलेलं होतं ६४८ मिलिमीटर. मी तो आकडा वाचला आणि पुढे गेलो.

नेक नंतर मिळाला. लेस पॉलच्या धर्तीच्या, पण स्क्रूने नेक बसवलेल्या एका जुन्या गिटारचा. मेपलचा, सरळ, हातात घेतल्याबरोबर आवडावा असा. १९५० साली फेंडरने चार स्क्रूंनी बसवलेल्या नेकची गिटार बाजारात आणली, आणि तेव्हापासून नेक बदलणं सोपं झालं. त्यातून आमच्यासारख्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यात एक चुकीचं गणित बसलं, की स्क्रूचा नेक कुठल्याही बॉडीला चालतो. तसं नसतं. खाचेची रुंदी, खोली, तिच्यात बसणाऱ्या नेकच्या टाचेचा आकार आणि फ्रेटची संख्या कंपनीगणिक बदलते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्केल बदलतं.

माझी खाच होती ५६ मिलिमीटरची आणि टाच त्याहून मिलिमीटरभर रुंद. मी पॉलिश पेपर घेतला आणि खाचेची एकच बाजू घासत बसलो. टाच घट्ट बसली तेव्हा मला आनंद झाला. चार भोकं पाडली, स्क्रू पिळले, तारा चढवल्या. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार, वरच्या फ्रेटपाशी फ्रेटच्या पाटीच्या कडेवरून घसरायला लागली. आणि मग तो बारावा फ्रेट.

आमच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे करणारे एक चाचा आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे. चाचांनी इलेक्ट्रिक गिटार कधी उघडलेली नव्हती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, तार छेडली, बारावा फ्रेट दाबून ऐकला आणि विचारलं, “ही दांडी कुठल्या वाद्याची?” मी सांगितलं. ते म्हणाले, “सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर चुकला तर पडदा सरकवायचा. तुझे पडदे ठोकलेले आहेत. ते हलणार नाहीत, मग घोडीलाच त्यांच्या हिशोबाने जावं लागेल. तू घोडी आधी ठोकलीस.” घोडी म्हणजे माझा ब्रिज.

मग आम्ही पोलादी पट्टी लावली. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३१४ मिलिमीटर आणि वर थोडंसं. ह्याची दुप्पट म्हणजे त्या नेकचं स्केल, साधारण ६२९ मिलिमीटर. आणि नटपासून ब्रिजवर तार टेकते त्या सॅडलपर्यंत माझ्या गिटारवर भरले ६४५. जवळजवळ १६ मिलिमीटरचा फरक. माझ्या ब्रिजची सॅडल पुढेमागे सगळी मिळून जेमतेम १० मिलिमीटर सरकत होती. ती पार पुढे घेतली तरी भागणार नव्हतं.

गिटारवर प्रत्येक फ्रेट पुढे उरलेल्या तारेच्या सुमारे अठराव्या भागावर असतो, नेमका आकडा १७.८१७. हे भाग स्केलवरून पडतात, आणि नेक तयार होतो तेव्हाच स्केल त्याच्यात कायमचं कोरलं जातं. बॉडीला स्वतःचं स्केल नसतं. ब्रिज कुठे बसणार हे नेकच ठरवतो.

मला सुचलेला उपाय होता खाच आणखी खोदून नेक १६ मिलिमीटर आत ढकलण्याचा. चाचांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली. खाच आणि नेककडच्या पिकअपचा खड्डा यांच्यामध्ये लाकडाची पातळ भिंत असते. ती गेली की तारांचा सगळा ताण पेलायला तिथे काही उरत नाही. तुमच्याही मनात हा उपाय आला तर तो सोडून द्या.

शेवटी ब्रिज पुढे घेतला. तूनच्याच गोल खुंट्या करून जुनी भोकं भरली, सरस रात्रभर सुकू दिला, ब्रिजजवळच्या पिकअपचा खड्डाही पुढे सरकवला. घासलेल्या खाचेत लाकडाची बारीक पट्टी चिकटवली आणि दुसरी बाजू तेवढीच घासून नेक मध्यावर आणला.

हा मध्य फार महत्त्वाचा आहे. खाच साधारण ७६ मिलिमीटर लांब असते. तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला, तर ब्रिजपाशी नेकची मध्यरेषा दीड मिलिमीटरहून जास्त चुकते. म्हणून एकही भोक पाडण्याआधी नेक क्लॅम्पने धरा आणि नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांपासून ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या सॅडलपर्यंत दोन दोरे ताणा. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोरे पाटीच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आले पाहिजेत. ते येईपर्यंत ड्रिलला हात लावू नका. आम्ही दुसऱ्या वेळी हे केलं, आणि त्यात अख्खी दुपार गेली.

ब्रिजची जागा ठरवताना बारीक तारेचं सॅडल जवळपास पूर्ण पुढे घेऊन बरोबर स्केलच्या अंतरावर ठेवा. बाकीच्या तारांना मागे सरकायला जागा लागते. सगळ्यात जाड तारेला साधारण ३ ते ४ मिलिमीटर.

स्क्रूंबद्दलही सांगायला हवं, कारण तिथेही माझी चूक झाली होती. बॉडीतलं भोक स्क्रू सहज आरपार जाईल एवढं सैल हवं. स्क्रूचे आटे फक्त नेकच्या लाकडात बसले पाहिजेत. दोन्हीकडे बसले तर नेक आणि बॉडीमध्ये फट राहते आणि कितीही पिळलं तरी मिटत नाही. नेकमधलं भोक मात्र आधी बारीक ड्रिलने पाडा, मेपल कडक असतं. ड्रिलच्या पात्यावर खोलीच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पातं पाटीतून वर येईल. स्क्रूला थोडं मेण लावा.

तारा फार उंच वाटल्या तर खाचेत टाचेच्या मागच्या टोकाला पातळ चकती घालतात. कागदाच्या तुकड्यापेक्षा पूर्ण लांबीची, उतरती लाकडी पट्टी बरी, म्हणजे टाच सगळीकडे टेकलेली राहते.

आता माझी गिटार सुरात आहे. गेल्या गणपतीत दहा दिवस तीच वाजवली. ब्रिजमागे त्या भरलेल्या भोकांचे गोल ठसे दिसतात, मी त्यांच्यावर रंग चढवलेला नाही.

तुम्ही नेक वेगळा विकत घेणार असाल, तर विकणाऱ्याला सांगा की नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. ३२४ मिलिमीटर असेल तर तो फेंडरच्या स्केलचा, ३१४ असेल तर लेस पॉलच्या धर्तीचा. आणि तो नेक प्रत्यक्ष हातात येईपर्यंत बॉडीवर ब्रिजचं एकही भोक पाडू देऊ नका.