स्पीकरचे स्टँड : माप आधी, लोखंड नंतर

घरातल्या स्पीकरसाठी स्टँड बनवून देण्याचे काम वेल्डिंग व सुतारकाम करणाऱ्या आपल्या बांधवांकडे अधूनमधून येते. गिऱ्हाईक दर आणि रंग विचारतो. उंची मात्र आपणच विचारायला हवी.

पेटीतला लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत यावा. म्हणून गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावावी. कान ३७ इंचांवर आणि पेटीच्या तळापासून ट्वीटर ११ इंचांवर असेल, तर स्टँड २६ इंचांचे. गादीवर बसणाऱ्याचे माप बरेच खाली येते. त्याला तयार मिळणारे २४ इंची स्टँड उंच पडते, आणि आपला धंदा नेमका इथेच आहे.

पोकळ पाइप स्पीकरबरोबर स्वतःही घुमतो. वेल्डिंग पुरे झाल्यावर वरच्या प्लेटीत ठेवलेल्या भोकातून चाळलेली, कडक वाळवलेली रेती भरावी व भोक बुचाने बंद करावे. ओली किंवा खाडीची खारी रेती घेऊ नये, पाइप आतून गंजतो. रेतीने स्टँड जडही होते. तळाची प्लेट रुंदच ठेवावी. लहान मुलांच्या घरात तर इथे लोखंड वाचवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. वरच्या प्लेटीवर चार कोपऱ्यांत पातळ रबर चिकटवावे.

माल पोहोचवताना एवढे सांगावे, की स्टँड कोपऱ्यात दाबू नका, खर्ज फुगतो. भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून ऐकून पाहा.