रॉयल फ्लशचा जमाखर्च

लास व्हेगासला वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी पुण्यामुंबईचा पाहुणा उतरला म्हणजे हूवर धरण व ग्रँड कॅन्यन पाहून झाल्यावर, रात्रीच्या पानावर, आवाज जरा उतरवून तो एक प्रश्न हटकून विचारतो : हुशार माणसाला या कॅसिनोंतून पैसा काढता येतो की नाही? उभी हयात हिशेबतपासणीत घालवलेल्या माझ्यासारख्याने या प्रश्नाला नीतिशास्त्राचे उत्तर देणे सचोटीचे होणार नाही. कारण व्हिडिओ पोकर नावाच्या यंत्रावर मी दीर्घकाळ, रोजच्या रोज वहीत नोंद ठेवून, खेळलो आहे, आणि त्या वहीचा निर्वाळा असा, की पैसा काढता येतो, परंतु तो मजुरीच्या दराने, आणि तीही अशा मालकाकडून, ज्याला कोणतीही नोटीस न देता ती मजुरी बंद करण्याची पूर्ण मुभा आहे.

या यंत्राची गणना इतर यंत्रांत करू नये. पडद्यावर पत्ते दाखवायचे तर ते खरोखरीच्या 52 पानांच्या जोडातून पिसून वाटल्याप्रमाणे निव्वळ यदृच्छेने आले पाहिजेत, असा नेवाडा राज्याचा दंडक आहे. 52 पानांतून पाच पानांचे 25,98,960 हात संभवतात आणि त्यांतील प्रत्येकात कोणती पाने राखावीत व कोणती टाकून बदलून घ्यावीत, याचे उत्तर गणिताने निश्चित काढता येते. म्हणून यंत्रावर छापलेला बक्षिसांचा तक्ता वाचणे म्हणजे वाण्याच्या दुकानातील भावाची पाटी वाचण्यासारखेच आहे. फिरत्या चित्रांच्या स्लॉट यंत्राला अशी पाटी नसते. मात्र अमेरिकेतील आदिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत दिसायला हुबेहूब अशीच, पण आतून बिंगोच्या सोडतीवर चालणारी यंत्रे असतात. तेथे पत्ते हा केवळ देखावा असून खेळणाऱ्याच्या कौशल्याला काडीचाही वाव नाही.

'जॅक्स ऑर बेटर' हा यातला सर्वांत रुळलेला प्रकार. गुलाम किंवा त्याहून वरच्या पानांची जोडी जमली की पैज परत मिळते. तक्त्यावर फुल हाउसला (एकसारखी तीन व एकसारखी दोन पाने) 9 पट आणि फ्लशला 6 पट लिहिलेले असेल, तर निर्दोष खेळणाऱ्यास लावलेल्या दर शंभर डॉलरपैकी सरासरीने 99.54 डॉलर परत येतात. त्याच रंगाच्या, त्याच नावाच्या, शेजारच्याच यंत्रावर हे आकडे 8 आणि 5 असतील तर 97.30, आणि 6 व 5 असतील तर जेमतेम 95. पाव डॉलरच्या यंत्रावर पाच नाणी लावून, म्हणजे सव्वा डॉलरचा एक हात या हिशेबाने, तासाला 600 हात खेळले तर 750 डॉलरची उलाढाल होते, आणि तीत पहिल्या यंत्रावर साडेतीन डॉलर, दुसऱ्यावर वीस डॉलर व तिसऱ्यावर साडेसदतीस डॉलर तासागणिक जातात. खुर्ची तीच, सरबराई तीच! पाचांऐवजी एकच नाणे लावणाऱ्याचे तर प्रमाणाने आणखी नुकसान होते, कारण रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का ही पाच पाने) 800 पटींऐवजी 250 पटीच मिळतात.

निर्दोष खेळ म्हणजे काय, याचा एक दाखला देतो. समजा, बदाम राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि बदाम तिर्री अशी पाने आली. पाचही पाने बदाम, म्हणजे फ्लश तयार, सहा पटी हातात. अशा वेळी तिर्री टाकून, एक्क्याच्या आशेने, हातातले बक्षीस सोडून द्यावे असे गणित सांगते. कारण उरलेल्या 47 पानांचा हिशेब मांडला तर या चार पानांचे मोल सरासरीने 19 पटींहून अधिक भरते. परंतु त्याच 47 पानांपैकी 24 पाने अशी आहेत, की जी आली असता हातात काहीही उरत नाही. बटणाकडे जाणारे बोट येथे अडखळते, आणि ते ज्याचे अडखळते त्याचे 99.54 कधीच होत नाहीत. उलट, चौर्रीची जोडी व सोबत एक्का आला असता नवशिका मोठ्या पानाच्या मोहाने एक्का राखतो. राखायची असते ती जोडी, आणि तीही एकटी.

आता या शास्त्राची दुसरी बाजू. रॉयल फ्लश सरासरीने सुमारे चाळीस हजार हातांत एकदा येतो, म्हणजे वर सांगितलेल्या गतीने सदुसष्ट तासांत एकदा, आणि एकूण परताव्यातील जवळजवळ दोन टक्के वाटा एकट्या त्याचा असतो. तो येईपर्यंत उत्तम यंत्रावरही तासाला अठरा डॉलरची गळती चालूच राहते. सरासरी ही गोष्ट मोठी फसवी : शंभर निष्णात खेळाडू हे सदुसष्ट तास बसले तर त्यांतील सदतीस जणांना रॉयल दिसत नाही, आणि मुदत दुप्पट केली तरी तेरा जण कोरडेच उठतात. माझ्या रोजमेळातही अशी लांबच लांब पाने आहेत, ज्यांवर खेळ बिनचूक आणि बाकी सतत खर्चाच्या बाजूला. ज्याची गंगाजळी अशी पाने सोसण्याइतकी नाही, त्याने निर्दोष खेळ शिकूनही उपयोग नाही.

मग नफा येतो कोठून? कॅसिनोच्या सवलतींतून. सदस्यत्वाचे कार्ड यंत्रात घातले की उलाढालीच्या, समजा, पाव टक्का रक्कम पॉइंटच्या रूपाने परत मिळते. तिप्पट पॉइंटच्या दिवशी ती पाऊण टक्का होते, आणि 99.54 मध्ये ती मिळवली म्हणजे बेरीज शंभराच्या पलीकडे जाते. तासाला सव्वादोन डॉलर! 'ड्यूसेस वाइल्ड' या दुसऱ्या प्रकाराचा पूर्ण तक्ता 100.76 टक्के देतो, पण अशी यंत्रे आता हुडकावी लागतात, आणि सापडली तरी पाव डॉलरच्या दराने तासाला पावणेसहा डॉलर पडतात. नेवाडात किमान वेतन तासाला 12 डॉलर आहे. व्हिडिओ पोकर खेळणारे बॉब डान्सर यांनी 2000-01 च्या सुमारास सहा महिन्यांत दहा लाखांहून अधिक डॉलर जिंकले व त्यावर ग्रंथ लिहिला, ही गोष्ट खरी आहे. परंतु सवलतींचा सूक्ष्म अभ्यास, फार मोठ्या रकमेची यंत्रे आणि तो दर सोसणारी गंगाजळी हे तिन्ही त्यांच्यापाशी एकाच वेळी होते, हे सांगणारा सहसा विसरतो.

शिवाय मालक झोपलेला नसतो. एका कॅसिनोकडून मला दरमहा टपालाने मोफत खेळाची कुपने येत असत. एके महिन्यापासून ती खुंटली. चौकशी केली तेव्हा खिडकीवरील मुलीने, अत्यंत अदबीने, कुपने संगणक ठरवतो एवढेच सांगितले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. केन युस्टन या पत्तेमोजणाऱ्याच्या खटल्यात 1982 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा खेळाडूला कॅसिनोंनी स्वतःच्या मर्जीने बाहेर काढू नये असा निर्णय दिला. पण टेबलावर बसू देणे निराळे आणि सवलत देणे निराळे, आणि नेवाडात तर कुशल खेळाडूला दारातूनच परत पाठवण्याचीही मोकळीक आहे.

भारतातून येणाऱ्या पाहुण्याने आणखी एक वजावट ध्यानात धरावी. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्यास डॉलरच्या यंत्रावर 4000 डॉलरचा रॉयल लागला, तर त्यातून 30 टक्के, म्हणजे 1200 डॉलर, जागीच कापून घेतले जातात, आणि तेवढ्याने यंत्राचा परतावा अर्ध्या टक्क्याहून अधिक घसरतो. पाऊण टक्क्याची सवलत त्यातच जवळजवळ खर्ची पडते.

आणि गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो-नौकांवर हीच विद्या चालवण्याचा ज्यांचा मनसुबा असेल, त्यांनी आकडे पाहावेत. कॅसिनोत चिपा घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के व 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करण्याची सोय नाही. अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या फरकावर उभी असलेली ही विद्या तेथे पहिल्या चिपेलाच निकालात निघते. गोव्यास जाणाऱ्या वाचकास माझी विनंती एवढीच, की नौकेवर नेलेली रक्कम त्याने जाण्यापूर्वीच करमणुकीच्या खर्चात मांडावी आणि तिच्यापुढे जमेचा रकाना आखूच नये.