कशातला आत्मविश्वास?

॥ श्री लईराई प्रसन्न ॥

शिरगाव, डिचोली
वैशाख वद्य

चि. बाय हिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून साहेबांचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागून वर्षही झालं नाही आणि कामाच्या आढाव्यात तुला ऐकावं लागलं, "काम चोख आहे, पण आत्मविश्वास नाही. जरा मोकळी हो." त्यावरून तू राजीनाम्याची भाषा बोलू लागलीस. फोनवर मी धीर दिला, पण नुसत्या धीराने हे निभणार नाही. सगळं आयुष्य शाळेत गेलं. आत्मविश्वास हा शब्द मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर किती सहज लिहिला जातो आणि मुलं तो किती वर्षं मनात घेऊन फिरतात, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. "आत्मविश्वास नाही" असं कुणी म्हणालं, की आपण विचारायचं, कशात? अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या विषयावर एक लेख लिहिला आणि पुढचं संशोधन बहुतेक त्याच वाटेने गेलं. त्याचं म्हणणं असं, की "हे काम मला जमेल" हा विश्वास माणसाला सरसकट नसतो, तो त्या त्या कामापुरता असतो. तुझंच बघ. चवथीला घरात पन्नास पानं उठतात तेव्हा नारळ किती फोडायचे आणि खतखत्याला भाज्या किती लागतील, हे तू कुणाला न विचारता ठरवतेस. तिथे तुझा हात अडखळत नाही. चेक-इन काउंटरवर बॅगांचं वजन, ओळखपत्रं, बोर्डिंग पास यांतही तू चुकत नाहीस, हे साहेबांनीच कबूल केलं. तू अडखळतेस ती दोन ठिकाणी. विमानाला उशीर झाला की माइकवर सांगताना, आणि प्रवासी आवाज चढवून बोलू लागला की. म्हणजे उणीव तुझ्या अंगात मुरलेली नाही. ती दोन कामांतली आहे, आणि कामं शिकता येतात.

दुसरी गोष्ट स्वभावाची. तू अबोल आहेस, तुझी आईही तशीच आहे. अबोल माणूस नोकरीत मागे पडतो असं तुला वाटतं. बॅरिक आणि माउंट या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९९१ मध्ये, स्वभाव आणि कामगिरी यांवर तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले. विक्री आणि व्यवस्थापन या क्षेत्रांत बोलक्या स्वभावाचा उपयोग दिसला. पण त्यांनी पाहिलेल्या सगळ्या प्रकारच्या कामांत जो गुण उपयोगी ठरला, तो वेगळाच होता: कामाची चाड. वेळेवर येणं, हाती घेतलेलं तडीस नेणं, कुणी बघत नसतानाही नीट करणं. हा संबंध फार मोठा नाही, स्वभावावरून सगळं ठरतं असं समजू नकोस. पण जो गुण तुझ्यात आहे तो कमी तोलाचा नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण देते. फोंड्याकडच्या केरीच्या केसरबाई आणि सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई, दोघी थोर गायिका. दोघींचे गुरू एकच, अल्लादियाखाँसाहेब, आणि गायकीही एकाच घराण्याची. स्वभाव मात्र दोन टोकांचे. केसरबाई करारी. मैफलीच्या अटी त्या स्वतः ठरवत, आणि त्यांच्यासमोर आयोजक जपून बोलत. मोगूबाई मितभाषी. त्यांच्या वाट्याला मानापेक्षा कष्ट जास्त आले. मधे खाँसाहेबांची तालीम तुटली, दुसऱ्या उस्तादांकडे शिकावं लागलं, आणि बऱ्याच वर्षांनी ती तालीम पुन्हा मिळाली. केसरबाईंना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं, मोगूबाईंना १९७४ मध्ये. मोगूबाई केसरबाईंसारख्या करारी झाल्या असत्या तर त्यांचं गाणं अधिक चांगलं झालं असतं, असं कुणी म्हणेल का? आणि केसरबाईंचा करारीपणाही पोकळ नव्हता. आधी मोठमोठ्या गुरूंकडे शिकून झालं होतं, वय तिशीला आलं होतं, तरी १९२१ मध्ये त्या खाँसाहेबांपुढे नव्याने शिकायला बसल्या. "मला अजून येत नाही" हे मान्य करायला केवढा विश्वास लागतो, त्याचा विचार कर.

आता हा विश्वास येतो कुठून? बांडुराने चार वाटा सांगितल्या. स्वतः ते काम करून पार पाडणं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने धीर देणं, आणि छातीतली धडधड वा हाताचा घाम यांचा आपण लावतो तो अर्थ. यांत सगळ्यांत भक्कम वाट पहिली. "मी करू शकते" असं आरशासमोर म्हणायला तुमच्या प्रशिक्षणात शिकवलं, म्हणालीस. ती फार तर तिसरी वाट, आणि तीही अर्धी, कारण धीर देणारी तूच आणि घेणारीही तूच.

परदेशात काही शिबिरांत आत्मविश्वास वाढवायला माणसांना निखाऱ्यांवरून चालवतात. संध्याकाळभर घोषणा आणि टाळ्या, आणि मग थेट निखारे. २०१६ मध्ये अमेरिकेत डॅलसला अशाच एका कार्यक्रमात तिसेक जण भाजले. हे वाचलं तेव्हा मला आपले धोंड, लईराईचे व्रतधारी भक्त, आठवले. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवर उतरणारा धोंड त्या रात्री अचानक धीट होत नाही. आधीचे कितीतरी दिवस तो सोवळ्यात राहतो, खाण्यापिण्याचे नियम पाळतो, तळीवर आंघोळ करतो, हातात बेत धरून आपल्या गावच्या मेळाबरोबर येतो. वडीलधाऱ्या धोंडांना उतरताना त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. देवीवरची श्रद्धा त्याची आहेच, त्याबद्दल मी काय बोलावं! पण त्या श्रद्धेला व्रताची बैठक आहे. बांडुराच्या चारही वाटा आपल्या गावात, त्याचं नाव ऐकायच्याही आधीपासून, रुळलेल्या आहेत.

विश्वासाचा कामाशी संबंध आहेच. स्टाजकोविक आणि लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यास एकत्र केले. मुळीच संबंध नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक, असं मोजलं तर त्यांना ०.३८ एवढा संबंध दिसला. हा आकडा लहान नाही. पण २००७ मध्ये जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धी, स्वभाव आणि अनुभव यांचा वाटा बाजूला काढून पाहिला, तेव्हा नुसत्या विश्वासाचा हिस्सा बराच आटला. सोप्या कामांत तो टिकला, अवघड कामांत फारसा उरला नाही. जास्तीच्या विश्वासाचा धोकाही एका प्रयोगात दिसला आहे. तर्काने संकेत ओळखायच्या एका खेळात ज्यांचा विश्वास मुद्दाम वाढवला, त्यांच्या हातून तर्काच्या चुका वाढल्या, कारण त्यांना स्वतःची जरा जास्तच खात्री वाटू लागली. तू प्रत्येक ओळखपत्र दोनदा बघतेस, ते सोडू नकोस. त्या सवयीला भित्रेपणा म्हणणारा माणूस चुकतो आहे.

आणखी एक सांगते, हे मात्र आढाव्याच्या कागदावर कधी येत नाही. स्पेनमध्ये सान पेद्रो मानरिके या गावातही निखाऱ्यांवरून चालायची परंपरा आहे. तिथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्याचे ठोके आणि बघत उभ्या असलेल्या त्याच्या नातलगांचे ठोके यांची लय जुळलेली आढळली, परक्या प्रेक्षकांची जुळली नाही. माणसाचं बळ एकट्याच्या छातीत मावत नाही. तुझ्या शिफ्टमध्ये जिच्यावर तुझा जीव आहे अशी एक तरी सहकारी जोड. आणि सगळं खापर स्वतःवर फोडून घेऊ नकोस. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आपल्या भागात दारोदार ट्रक उभे राहिले, आणि चांगले कष्टाळू पुरुष "आपल्यात काही अर्थ नाही" म्हणू लागले. दोष त्यांच्या स्वभावात नव्हता, काम गेलं होतं. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन जीव गेले, तेव्हा श्रद्धा कुणाचीच कमी नव्हती. श्रद्धेने वाट रुंद होत नाही, ती माणसांनी आधी आखून ठेवावी लागते. एका काउंटरवर तू एकटी आणि समोर चिडलेले शंभर प्रवासी असतील, तर तिथे आणखी एक माणूस लागतं. ते मागणं हेही कामच आहे.

आता काय करायचं ते सांगते. उशिराच्या घोषणेची तीन-चार वाक्यं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वहीत लिहून ठेव आणि मोठ्याने वाच. पहिल्यांदा रिकाम्या गेटवर, मग लहान विमानाच्या वेळी, आणि मग गर्दीत. चिडलेल्या माणसाला जी नीट हाताळते, तिच्या शेजारचा काउंटर रोस्टरमध्ये मागून घे आणि ती पहिलं वाक्य काय बोलते ते ऐक. धडधड झाली तर ती भीतीच आहे असं धरून चालू नकोस, शरीर कामाला तयार होत असतं. दर आठवड्याला, मागच्या वेळी जमलं नव्हतं आणि या वेळी जमलं, अशी एक गोष्ट त्याच वहीत लिही. आणि साहेबांकडे जाऊन नम्रपणे विचार, "कोणत्या दोन कामांत सुधारणा दिसली म्हणजे तुमचं समाधान होईल?" उत्तर मिळालं तर तुला वाट सापडेल. नाही मिळालं, तर त्या शेऱ्यात किती दम होता ते कळेल.

चवथीपर्यंत हे मनापासून कर. त्यानंतरही ते काम तुला नकोसं वाटलं तर खुशाल सोड, घरात कुणी तुला बोल लावणार नाही. पण सोडशील तर कामाची पारख करून सोड. कुणाच्या एका शेऱ्यावरून आपली किंमत ठरवून सोडू नकोस.

तब्येत सांभाळ. रात्रपाळी असली तरी जेवण चुकवू नकोस. आईला नमस्कार.

तुझी,
मावशी