चिठ्ठीमागचा हिशेब

गेल्या दिवाळीत आजीला घेऊन मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. दोन तासांनी आमचा नंबर आला, तोच गळ्यात टाय आणि हातात बॅग असलेला एक तरुण थेट आत गेला. आजी म्हणाली, "हा तर धडधाकट दिसतोय. मग याला आधी कसं घेतलं रे?" तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, एवढे मला ठाऊक होते. पुढचे उत्तर देता आले नाही. चिठ्ठीवरच्या औषधांत वडिलांची दोन दिवसांची मजुरी गेली.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की ग्राहक हा बाजाराचा राजा. औषधांच्या बाजारात मात्र निवड डॉक्टर करतात आणि पैसे रुग्ण देतो. साहजिकच कंपनी रुग्णाकडे न जाता डॉक्टरांकडे जाते. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या व पुण्याच्या 'साथी' संस्थेने त्या २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांविषयी त्यांत डॉक्टरच बोलले आहेत.

नियम नाहीत असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार व रोख रक्कम घेण्यास मनाई केली. तरीही एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने अशा सुमारे ४ कोटी ७३ लाखांच्या खर्चावर प्राप्तिकरात वजावट मागितली. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळित व न्या. रवींद्र भट यांनी ती नाकारली. निकालपत्रात सोन्याची नाणी, लॅपटॉप, फ्रीज, परदेशवारी यांचा उल्लेख आहे. या भेटी खऱ्या अर्थाने फुकट नसतात, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे भेट देते कंपनी, आणि तिचे पैसे मोजतो माझ्या वडिलांसारखा माणूस!

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी नवी संहिता काढली. तीतही भेटवस्तूंना मनाई आहे. परंतु डॉक्टरांचे नाव घालून रुग्णाला पाहता येईल अशी जाहीर नोंदवही तिने दिलेली नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने औषध व उपकरण कंपन्यांना असा हिशेब सरकारकडे देणे भाग पडले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी पहिली यादी खुली झाली. जेवण, प्रवास, सल्ल्याचे मानधन, सारे तीत असते.

कोणी म्हणेल, यात डॉक्टरांवर अविश्वास नाही का? मला तसे वाटत नाही. संशोधनासाठी घेतलेले पैसेही त्या यादीत येतात, आणि नाव आले म्हणजे गुन्हा ठरला असे नव्हे. आमच्या गावात रस्त्याच्या कामाशेजारी खर्चाचा व ठेकेदाराच्या नावाचा फलक लागतो. त्याने कोणी चोर ठरत नाही. गावाला प्रश्न विचारता येतो, इतकेच. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच माहितीच्या अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये.

त्या दवाखान्यातील डॉक्टरांनी काही घेतले, असे माझे म्हणणे नाही. घेतले नसेलही. पण तेही कळायला मार्ग नाही, आणि त्यामुळे सचोटीच्या डॉक्टरांकडेही आपण संशयाने पाहतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजीला वाचता येत नाही. अशी यादी कधी निघाली, तर मी ती तिला वाचून दाखवीन.