मुलाच्या शपथेला जाताना

मराठा पलटणीत भरती झालेली पोरे बेळगावात शिकतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथे १९२२ पासून आहे. शिक्षण पुरे झाले की शपथेची परेड होते. मुलगा आई-बापांना बोलावतो. तेव्हा शेतात काम आहे म्हणून घरी राहू नका. जा.

बोलावण्यातली तारीख आणि वेळ स्वतः वाचा. परेड सकाळी असते. आदल्या दिवशीच पोचा. आधार कार्ड जवळ ठेवा. २०१४ साली गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले. पाटी पाहून गोंधळू नका. गाव तेच आहे.

मैदानावर बँड वाजतो. पोरे पावलाला पाऊल मिळवून येतात. सर्वांचे कपडे सारखे, केस सारखे. आपला कोणता, हे चटकन कळत नाही. मग तिरंग्यासमोर ती शपथ घेतात. जमिनीवरून, पाण्यातून, आकाशातून, जेथे हुकूम होईल तेथे जाऊ; जिवावर बेतले तरी जाऊ. नंतर आई-बापांना गौरव पदक देतात.

आम्हांला वाटते, ही शपथ आई-बापांनी आपल्या कानांनी ऐकावी. आपले पोर कोणत्या शब्दाला बांधले आहे, ते आपल्याला ठाऊक हवे. पुढे त्याचा निरोप उशिरा आला, तर तो शब्द आठवावा. रागावू नये. आपणच दोन ओळी लिहून धाडाव्या.